दुसरा आग्रह

“बरं,” मोना म्हणाली आणि तिनं मोबाइलवरचं बोट पुढं सरकवलं.

झालं ते एवढंच. रविवारचं जेवण आटोपलं होतं, तांबड्या रश्श्याच्या वाट्या अजून टेबलावरच होत्या, आणि सुनेनं सासऱ्याला एक प्रश्न विचारून, त्याचं उत्तर ऐकून पुढचं काम हाती घेतलं होतं. “आण्णा, डिसेंबरात कूर्गला जायचं चाललंय. तुम्ही येतायसा न्हवं?” असं तिनं विचारलं होतं. आणि आण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवत, जन्मभर जसं म्हणत आले तसंच म्हटलं होतं, “मला कशाला आता? तुम्ही जावा की.” ह्यात वावगं काही नव्हतं. माणूस असंच म्हणतो. त्यावर समोरच्यानं “असं कसं, तुमच्याबिगर कुठलं जाणं आलंय?” म्हणायचं, मग आपण गुडघ्याचं नाव काढायचं, मग समोरच्यानं तो गुडघा खोडून काढायचा, आणि मग आपण मोठ्या नाइलाजानं, सगळ्यांवर उपकार केल्यासारखं, “आता एवढं म्हणतायसा तर येतो बापडा” म्हणायचं. आण्णांनी गुडघा तयार ठेवला होता. खोलीचा प्रश्न निघाला तर ‘माझ्या खोलीचं मी बघतो’ हे वाक्यसुद्धा तयार होतं, पण ते दुसऱ्या आग्रहानंतर बोलायचं होतं. दुसरा आग्रह आलाच नाही. मोनानं सम्राटला म्हटलं, “मग दोन खोल्यांत भागतंय बघ. तेजस्वी आपल्यात झोपेल.” आणि सम्राट, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि तेजस्वीचा बाप, दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं काढत नुसता “हं” म्हणाला.

दुपारी आण्णा आपल्या खोलीत आडवे झाले. पंखा फिरत होता. खाली राजारामपुरीच्या गल्लीत क्लासची पोरं सुटली होती, त्यांच्या गाड्यांचे आवाज वर येत होते. आण्णांना छातीत काहीतरी अडल्यासारखं वाटत होतं आणि ते रश्श्यावर ढकलावं असा त्यांचा प्रयत्न चालला होता. रस्सा जरा तिखटच होता. पण ते रश्श्याचं नव्हतं. एका साध्या ‘बरं’चं होतं. मोना चिडून म्हणाली नव्हती, तोडूनही म्हणाली नव्हती, उलट चांगलं मऊ म्हणाली होती. मऊ म्हणाली होती म्हणून तर जास्त लागलं. चिडली असती तर भांडता आलं असतं, निदान रुसता आलं असतं. संध्याकाळी विचारील पुन्हा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आत्ता घाईत होती. सम्राट तिच्या कानात सांगेल, अगं, आण्णा पहिल्यांदा असंच म्हणतात. सम्राटला माहीत आहे. बावड्याच्या घरात वाढलाय तो.

बावड्याच्या घरात, म्हणजे कसबा बावड्यात, आण्णांचं सगळं आयुष्य गेलं. साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी, गावोगावच्या उसाच्या नोंदी, आणि गल्लीत कुणाचंही लग्न असो, जिलबीची बुट्टी आण्णांच्या हातात. वाढपी पुष्कळ असत, आग्रहाचा मान मात्र त्यांचा. पावण्यानं ताटावर हात आडवा धरला की नवखा वाढपी पुढं सरकायचा. आण्णा थांबायचे. ते हाताकडं बघायचे. बोटं घट्ट मिटलेली असतील तर पोट खरंच भरलेलं आहे. बोटांत फट असेल तर त्या फटीतून जिलबी खाली सोडायची आणि वर म्हणायचं, “पावणं, आमच्या हाताला काय काटं हाईत काय?” मग पंगत हसायची, पावणा लाजायचा आणि चवीनं खायचा. कधी चूक झाली नाही. माणसाला हवं असतं, पण हवं म्हणायची त्याला चोरी असते, आणि ती चोरी मोडून द्यायची ती शेजारच्यानं, एवढं साधं माणूसपण आहे असं ते समजून चालले होते. आज टेबलावर आपला हात कसा होता? त्यांना आठवेना. हात तांब्यावर होता. तांब्यावरच्या हाताचं कुणाला काय कळणार?

आणि घरात तर हात आडवा धरायचीसुद्धा पाळी आली नाही. त्यांची बायको तानाबाई विचारायचीच नाही. आण्णा “बास” म्हणायचे, ती अर्धी भाकरी ताटात टाकून चुलीकडं वळलेली असायची. जोतिबाला जायचं, तुम्हाला यायचंय का, असं तिनं त्यांना कधी विचारलं नाही, ती त्यांचा सदरा काढून खुंटीला अडकवायची आणि म्हणायची, “गाडी सातला हाय.” मग आण्णा कुरकुर करत, कामाची यादी सांगत, सगळ्यांच्या आधी पायात चपला घालून दारात उभे. ‘मला हवं’ हे शब्द त्या संसारात त्यांना लागलेच नाहीत. ती गेली त्याला आता बराच काळ झाला, बावड्याचं घर भाड्यानं गेलं, आण्णा मुलाच्या फ्लॅटवर आले, आणि इथं कुणी छळ केला असं मुळीच नाही. इथं सगळं विचारून होतं. चहा घेणार काय, एसी लावू काय, चपाती आणखी हवी काय. आण्णा न्हाई म्हणत आणि चपातीचा डबा बंद होई. पहिली काही वर्षं ते अर्धपोटी उठले असतील. मग त्यांनी भात जास्त घ्यायची सवय लावून घेतली, कारण भात मधेच ठेवलेला असायचा, त्याला विचारावं लागत नव्हतं.

मोना वाईट नव्हती, हे ते आतून जाणून होते आणि त्यामुळंच पंचाईत होती. ती कबनूरची. तिच्या माहेरी यंत्रमागाचा खडखडाट, तिथं एकाचं बोलणं दुसऱ्याला एकदा ऐकू आलं तरी पुष्कळ; तीन-तीनदा विचारायला कुणाला सवड? हवं तर हवं, नको तर नको. लग्नानंतर तिला सासरच्या नातेवाइकांकडं नेलं की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. ती खरोखर पोट भरल्यावर ‘नको’ म्हणायची आणि लोक वाढत राहायचे. एकदा ती रडकुंडीला येऊन सम्राटला म्हणाली होती, “तुमच्यात माणसाच्या शब्दाला काय किंमतच न्हाई काय?” आण्णांनी ते दाराआडून ऐकलं होतं. तेव्हा हसू आलं होतं. आता वाटत होतं, ती आपल्या शब्दाला किंमत देतेय. मैत्रिणींना कौतुकानं सांगायचीसुद्धा, आमचे सासरे एकदम सरळ, एकदा सांगितलं की सांगितलं.

संध्याकाळी तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सहल मात्र रोज जेवणाच्या टेबलावर येऊन बसायला लागली. मोनाची धाकटी बहीण क्रांती आणि तिचा नवरा विजयसिंह बरोबर येणार होते. गाडीचा खर्च वाटला जाणार होता. कूर्ग कसं ठरलं तेही आण्णांना आता कळलं: मूळ बेत काश्मीरचा होता, तो विमानाच्या तिकिटांत वाहून गेला. मग केरळ आलं, ते सुट्टीच्या दिवसांत बसेना. उटी क्रांतीनं पाहिलेली, गोवा सम्राटला नको. अशी सगळ्यांची नकोनकोशी गावं वगळत वगळत कूर्ग उरलं होतं, वाटेत म्हैसूर. मोबाइलवर विजयसिंहचा मोठा चेहरा यायचा आणि म्हणायचा, “आमचं काय न्हाई, जेवायला चांगलं पायजे.” आण्णा वर्तमानपत्र धरून ऐकत. त्यांना न विचारता त्यांच्याही मनात ती सहल तयार होत गेली. तळकावेरीला, उगमापाशी, नदी कुंडाएवढी लहान असते म्हणे. म्हैसूरजवळ मंड्याला उसाचीच रानं आहेत. तिथला ऊस आपल्यापेक्षा जाड असतो की नुसताच लांब, हे एकदा बघायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर कावेरी आणि ऊस हे निमित्त. त्यांना गाडीतली मधल्या रांगेतली खिडकी दिसायची. तेजस्वी कानात गाणी घालून त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. कुठल्याशा फाट्यावर गाडी थांबलेली, आणि खाली उतरलेला सम्राट काचेत वाकून विचारतोय, “आण्णा, च्या सांगू?” बस्स, एवढंच. एवढ्यासाठी कूर्गला जायचं.

मग बायडाबाई आल्या, म्हणजे सहलीत आल्या. मोनाची आई. कबनूरहून फोनवर बोलत होत्या आणि मोनानं सहज म्हटलं, “आई, तू येतीस काय गं?” त्यावर पलीकडून पंखा, माग, कुकर सगळ्यांवर मात करत आवाज आला, “येतो की! न यायला काय झालं? मला खिडकी पायजे बघ.” टेबलावर सगळे हसले. तेजस्वी टाळ्या वाजवायला लागली. तिसरी खोली घेतली गेली, आजी आणि नातीसाठी. आण्णाही हसले. आत मात्र त्यांचा चांगलाच तिळपापड झाला. ही काय रीत झाली? बाईमाणसानं निदान पोराला विचारतो, तब्येत बघतो असं काही म्हणावं. आणि त्या रागाच्या तळाशी, रागापेक्षा पुष्कळ मोठा, हेवा होता. त्या बाईनं एका शब्दात खोली मिळवली, खिडकी मिळवली आणि सगळ्यांना आनंदसुद्धा दिला. आण्णांनी अख्ख्या जन्मात असा एक शब्द उच्चारला नव्हता.

“मग तू पण सांग की,” सिकंदर म्हणाला. सिकंदर हा त्यांचा इथला एकमेव मित्र. गल्लीच्या तोंडाशी त्याचं गाडीच्या सीटकव्हरचं दुकान होतं, आता मुलगा तोहिद बघायचा आणि सिकंदर नुसता खुर्ची टाकून बसायचा. “तोंड हाय न्हवं तुला?”

“आता कसं सांगू मर्दा? एकदा न्हाई म्हटलंय.”

“आता व्हय म्हण.”

“त्यांनी परत इचारलं तर म्हणंन की.”

“आणि न्हाई इचारलं तर?”

आण्णांनी चहाचा कप तोंडाला लावला. सिकंदर रेक्झिनचा तुकडा बोटांत मळत राहिला. “आण्णा,” तो म्हणाला, “सात जणांच्या गाडीत नववा माणूस बसलेला मी बघितलाय. गाडीत जागा नसती म्हणून कुणी ऱ्हात न्हाई. तू तुझ्या हातानं ऱ्हायलायस.” हे त्याचं बोलणं आण्णांना आवडलं नाही. ते चहा अर्धा टाकून उठले. घरी येऊन त्यांनी कपाटातला स्वेटर काढला आणि गॅलरीत उन्हाला घातला. मोनानं बघितलं. “आण्णा, थंडी वाजतीय काय तुम्हाला?” तिनं काळजीनं विचारलं. “न्हाई,” आण्णा म्हणाले, “वास मारत होता.” दुपारी तिनं तो धुऊन, घडी घालून पुन्हा कपाटात ठेवून दिला.

त्यांची व्यवस्थाही व्हायला लागली. डबा सांगितला गेला. तो कमी तिखट असावा असं मोनानं दोनदा बजावून सांगितलं. गोळ्यांच्या पुड्या करून ठेवायचं ठरलं. तेजस्वीनं आजोबांना व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा ते शिकवलं. “मी तुम्हाला सगळं दाखवीन हां, तुम्ही तिथंच आहात असं वाटेल,” ती म्हणाली. पोरीचा जीव होता त्यांच्यावर. आण्णांना सगळीकडं माया दिसत होती, उणं कुठं काढावं तेच कळत नव्हतं. एखाद्याला घराबाहेर काढतात तेव्हा निदान त्याला कळतं की आपल्याला बाहेर काढलं. इथं तर जो तो त्यांच्या मनासारखं करत होता.

आणि निघायला थोडेच दिवस राहिले असताना बायडाबाई उंबऱ्याला अडखळून पडल्या. हाड वाचलं, घोटा सुजला, डॉक्टरनं पाय खाली टेकायला बंदी केली. फोन आला तेव्हा मोना रडली. आण्णांनी तिची समजूत काढली, “घोटा बसतोय गं, पंधरा दिवसांत चालायला लागतील,” असं म्हटलं, आणि ते म्हणत असतानाच त्यांच्या आत, त्यांची परवानगी न घेता, कुणीतरी उठून उभं राहिलं. जागा झाली. खोली झाली. खिडकीसुद्धा झाली. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते देवापुढं जाऊन विहिणीच्या पायासाठी हात जोडून आले. हात जोडले तेव्हाही मंड्याचा ऊस दिसत होता.

आता विचारतील. आता विचारायलाच हवं, रिकामी जागा घेऊन कुणी जात नाही. आणि ह्या वेळी आपण घोळ घालायचा नाही. आण्णांनी ठरवलं आणि ठरवल्यावर त्यांना तरुण वाटलं. सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात म्हणून बघितलं. येतो की. आवाज मोठा झाला. येतो की. आता भिकाऱ्यासारखा आला. बायडाबाईंचा कसा सरळ आला होता, गुळाचा खडा तोंडात टाकल्यासारखा. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा म्हटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन शब्द घोकत होता आणि ते त्याला हळूहळू यायला लागले होते.

रविवारी जेवताना ते झालं. सगळे होते. सम्राटनं मटणाची वाटी पुढं ओढली, मोना भाकरी मोडत म्हणाली, “आईची जागा तशीच राहिली बघा. आण्णा, तुम्ही तरी येताय काय मग?”

“येतो की,” आण्णा म्हणाले.

अगदी बरोबर आलं. मोठं नाही, बारीक नाही. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर त्यांना काही दिसलंच नाही. मग दिसलं. मोनाचा भाकरी मोडणारा हात तिथंच थांबला होता. सम्राट मोनाकडं बघत होता. तेजस्वीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं, आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. “व्हय?” सम्राट म्हणाला. “चांगलं हाय की. म्हणजे... तसं...” आणि मग अर्धवट मोनाकडं वळून, बारीक आवाजात, पण टेबल केवढंसं, “खोली तर आपण सोडली की सकाळी. मागची सीट पाडून बॅगा टाकायचं ठरलंय विजयसिंहचं...”

आण्णांना सगळं एकदम कळलं. जिलबी वाढणाऱ्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? हा आग्रह नव्हता. ही रीत होती. कबनूरच्या सुनेनं इतक्या वर्षांत त्यांची रीत शिकून घेतली होती: वडील माणसाला विचारायचं, ते नको म्हणतात, मग आपण पुढं जायचं. विचारलं नसतं तर वाईट दिसलं असतं म्हणून विचारलं. तिनं त्यांच्या नकारावर डोळे मिटून भरवसा ठेवला होता, आणि त्यांनी ऐनवेळी तिला दगा दिला होता. मोना बिचारी लालबुंद झाली होती. “बघूया की,” ती म्हणत होती, “परत फोन करून बघूया, मिळेल खोली, न मिळायला काय...”

“अगं थट्टा केली!” आण्णा मोठ्यांदा म्हणाले. “बघितलं, कशी तोंडं झाली तुमची! मी येऊन काय करू? ह्यो गुडघा घेऊन डोंगर चढू?” त्यांनी मांडीवर थाप मारली. सम्राट हसला. आधी श्वास सुटल्यासारखा, मग पोट धरून हसला. इतका तो बऱ्याच दिवसांत हसला नव्हता. “आण्णा, तुम्ही पण!” तो म्हणाला. तेजस्वी हसली. आण्णाही हसले, डोळ्यांतलं पाणी पुसत हसले, ठसका लागला तर पाणी पिऊन पुन्हा हसले. मोना तेवढी हसली नाही. तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि त्यांनी पटकन रश्श्याची वाटी तोंडाला लावली.

चार वाजता ती चहा घेऊन त्यांच्या खोलीत आली. एरवी चहा टेबलावर असायचा. तिनं कप खिडकीत ठेवला, दार लोटलं आणि ती कॉटच्या कडेला टेकली. “आण्णा,” ती म्हणाली, “खरं सांगा. तुम्हाला यायचं होतं न्हवं?”

“छ्या! थट्टा केली म्हटलं न्हवं.”

“पहिल्यांदा विचारलं तेव्हापण यायचं होतं.” ती म्हणाली. “मला कळायला पायजे होतं. चला तुम्ही. मी खोली बघते. क्रांतीला मी सांगते काय सांगायचं ते. बॅगा वर बांधू.”

हाच तो दुसरा आग्रह होता. इतके दिवस ज्याची वाट बघितली तो दार लोटून, चहा घेऊन, कॉटवर येऊन बसला होता. आण्णांनी सुनेकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आणि त्यांना ती गाडी दिसली. मधली रांग, खिडकी, खांद्यावर तेजस्वीचं डोकं. फाट्यावर थांबलेली गाडी, काचेत वाकलेला सम्राट, आणि त्याच्या तोंडावर आजची ती नजर, जपून बघणारी. आण्णा, च्या सांगू? आण्णा, बरं वाटतंय न्हवं? आण्णा, पाय लांब करा. सगळे गोड बोलतील. एकमेकांना डोळ्यांनी दटावतील. विजयसिंह बॅगांबद्दल एक शब्द काढणार नाही. त्यांना जायचं होतं ते कुणाला तरी ते हवे असतील म्हणून. ह्या पोरीला ते हवे नव्हते. ह्या पोरीला वाईट वाटत होतं. ती चांगली होती, म्हणून तिला फार वाईट वाटत होतं. आण्णांच्या आतलं ते उठून उभं राहिलेलं जे कुणी होतं, ते गुपचूप खाली बसलं.

“न्हाई गं पोरी,” ते म्हणाले.

“असं कसं? तुमच्याशिवाय काय मजा हाय आण्णा?”

“न्हाई. खरंच न्हाई.”

“गुडघ्याचं म्हणाल तर चालायचं काहीच न्हाई, सगळीकडं गाडी जाते.”

“च्या गार होतोय,” आण्णा म्हणाले. त्यांनी कप उचलला. मोनानं डोळे पदराला पुसले, ती कॉटवर आणखी आत सरकून बसली, आणि त्यांचा हात धरून म्हणाली, “माझ्यासाठी चला. चला की आण्णा.” ती ते मनापासून म्हणत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती. आण्णांना आता खरोखरच कुठंही जायचं नव्हतं, आणि मोना काही केल्या थांबायला तयार नव्हती.